शेवटच्या गाण्यातली बाई

अमेरिकेचं दुःख कळणारी माणसं अख्ख्या कोल्हापुरात तीनच, आणि त्यांतला पहिला नंबर आपला, असं मल्लेश हुक्केरी छातीठोकपणे सांगायचा. ऐकणारा बहुधा बियाणं घ्यायला आलेला शेतकरी असायचा. त्याला भेंडीचं बी हवं असायचं, अमेरिकेचं दुःख नको असायचं. पण लक्ष्मीपुरीतल्या हुक्केरींच्या दुकानात बी हातात पडेपर्यंत दुःख ऐकावंच लागे!

हे दुःख भरलेलं होतं एका कॅसेटमध्ये. 'लेम म्यूल्स' नावाच्या अमेरिकन टोळक्याची कॅसेट. लेम म्यूल्स म्हणजे लंगडी खेचरं. ज्यांनी स्वतःचं नावच असं ठेवलं त्यांच्याकडून आनंदाची अपेक्षा कोण करणार! अल्बमचं नाव 'ड्राय वेल काउंटी'. आटलेल्या विहिरीचा तालुका.

"हे बघा काका," मल्लेश समजावायचा, "तिकडं पण खेडी हायत. तिकडं पण पाऊस दगा देतोय, पोरगी नांदत न्हाई, म्हातारा दारू पितोय. तिकडची गावठी गाणी घेतली ह्या पोरांनी आणि त्याच्यावर शहरातली इलेक्ट्रिक गिटार चढवली. म्हणजे कसं, भाकरीवर बटर!"

"भेंडी पाव किलो," काका म्हणायचे.

या तिघांच्या मंडळाचा दुसरा सभासद गौस मुजावर. बिंदू चौकाजवळ त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. गौसला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण गिटार कुठं रडते आणि कुठं नुसती कुरकुरते ते त्याला बरोबर कळायचं. तिसरे आकाराम सर. गडमुडशिंगीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. गाणारा तोंडात पानाचा तोबरा भरल्यासारखा गायचा, त्यामुळे निम्मे शब्द सरांनाही कळायचे नाहीत. पण सर शिक्षक होते. न कळलेल्या शब्दांचा अर्थ ते जास्त ठामपणे सांगायचे!

आता ही कॅसेट घडली कशी, ते सांगायला हवं.

सत्त्याण्णवचा श्रावण. मल्लेशचा चुलतभाऊ शिवकुमार बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. तो एका दिवसासाठी आला, तो मित्राकडून उसनी आणलेली मूळ कॅसेट घेऊनच. रात्रीच्या गाडीनं परत जाणार, कॅसेटही परत जाणार! मल्लेश धावला गौसकडे. पण जगाचे टेप दुरुस्त करणाऱ्या गौसचा स्वतःचा दोन कॅसेटींचा डबल डेक त्याच आठवड्यात मान टाकून बसलेला.

"मग काय, जुनी पद्धत," गौस म्हणाला. "दोन टेप समोरासमोर ठेवायचं. एक वाजवतोय, एक भरून घेतोय. फकस्त घरात पिन पडल्याचा बी आवाज व्हायला नको."

मल्लेशचं घर कळंब्याच्या रस्त्याला. तेव्हा तिकडं चार घरं आणि बाकी सगळा ऊस. पुढचं दार रस्त्याकडे, परसदार उसाकडे. घरात आई चन्नम्मा आणि लग्न होऊन दोन महिने झालेली बायको विद्याश्री. निपाणीची पोरगी, आवाज मुंगीएवढा. मल्लेशनं सकाळीच दोघींना दम भरला.

"आज दुपारी घर रिकामं पायजे! तासभर घरात हूं की चूं झालं, तर मी घर सोडून कळंब्याच्या तुरुंगात जाऊन राहीन!"

"जा की," चन्नम्मा म्हणाली. "तितं येळेवर जेवशील तरी."

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. शेजारच्या शालूबाईच्या पडवीत कासारीण बसली होती आणि चारी घरांतल्या सगळ्या बायका तिथं बांगड्या भरायला गेल्या. मल्लेशनं कॅसेटची बाजू आपोआप बदलणारे दोन टेप व्याह्यांसारखे समोरासमोर बसवले. दोन्हींची बटणं एकदम दाबली, मांजराच्या पावलानं बाहेर आला, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि एम-एटी गाडीला लाथ न मारता ती वळणापर्यंत ढकलत नेली. आवाज नको म्हणून!

दोन तासांनी गौसकडून परत येऊन पाहतो तर कॅसेट भरून तयार. आनंदाच्या भरात त्या पंचमीला घरात काय झालं ते त्याला कळलंच नाही. विद्याश्रीचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता, तो आला नाही. पहिली पंचमी, आणि भाऊ नाही! चन्नम्मा चार दिवस धुसफुसत होती. तिकडं निपाणीकरही का कोण जाणे फुगून बसले. व्याह्यांत विचारायची पद्धत नसते, धरून ठेवायची असते.

मूळ कॅसेट बंगळूरला गेली ती कायमची. उरली मल्लेशची. तिच्याभोवती तिघांचं मंडळ सुरू झालं.

सोमवारी बाजार बंद. त्यामुळे दर सोमवारी उन्हं उतरली की तिघं मल्लेशच्या पुढच्या खोलीत जमायचे. आवाज असा, की लंगडी खेचरं पलीकडच्या गावात घोंगडी पांघरून गाताहेत! पण काय नव्हतं त्यात? तिसऱ्या गाण्यात लांबून आगगाडीची शिट्टी यायची. पाचव्यात गाय हंबरायची. "कॅन्ससची गाय," आकाराम सर डोळे मिटून सांगायचे. गाय कुठली हे त्यांना कसं कळायचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पण सगळा जीव होता शेवटच्या गाण्यात. एक बाई माळावरच्या घरात एकटी वाट बघतेय, नवरा खाणीवर गेलाय आणि येत नाही, एवढंच गाणं. शेवटचं कडवं चालू असताना लोखंडाची साखळी खळखळायची. तीनदा. थांबून थांबून. मग गिटार विझत विझत जायची. मग नुसती टेपची खरखर. बाहेर ऊस सळसळायचा, खोलीत अंधार भरत यायचा आणि त्या खरखरीतून, खूप खालून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं एका बाईचं रडणं सुरू व्हायचं.

मोठ्यानं नव्हे. मोठ्यानं रडली असती तर एवढं काळीज हललं नसतं. तोंडात पदर कोंबून रडावं तसं. मध्येच काचेची किणकिण. पुन्हा हुंदका. मग एक लांब श्वास, आणि खट्! कॅसेट संपायची.

तिघांच्याही अंगावर काटा यायचा. दर सोमवारी!

"ती साखळी कसली हाय ठाऊक हाय?" आकाराम सर खालच्या आवाजात म्हणायचे. "कैद्याची. नवरा खाणीवर गेलाच न्हाई, तुरुंगात गेलाय! गाण्यात सांगितलं न्हाई, साखळीनं सांगितलं. ह्याला म्हणायचं कला!"

"आणि किणकिण?" गौस विचारायचा.

"ग्लासात बर्फ. बाई दुःखात व्हिस्की पितीय."

"काय कलाकार असंल हो ती बाई!" मल्लेश डोळे पुसत म्हणायचा. "असं रडायला अमेरिकेतच जन्माला यावं लागतंय. आपल्या बायकांना जमायचं न्हाई."

नेमकी रडणं सुरू झालं की विद्याश्री चहा घेऊन यायची. रडणं संपेपर्यंत ट्रे धरून चौकटीत उभी राहायची आणि मग कप ठेवून आत जायची. स्वयंपाकघरातून चन्नम्मा ओरडायची, "दिवेलागणीला रडणं लावू नगा रं! घरात रडणं मुरतंय!"

अशी दोन वर्षं गेली. विद्याश्री बाळंतपणाला निपाणीला गेली. मुलगी झाली. बारशाला मल्लेश जाऊन आला, शिवांजली नाव ठेवलं. लेकीनं त्याचं बोट असं घट्ट धरलं, की परतीच्या एस.टी.त तो सगळा वेळ त्या बोटाकडेच बघत बसला होता. पाळणा आणला, आढ्याला कडी ठोकली. महिन्याभरानं मायलेकींना घरी आणायचं ठरलं.

आणि त्याच सुमारास, मध्यंतरी बंगळूरहून अमेरिकेला बदली झालेला शिवकुमार सुट्टीवर आला. सोबत छोटा सीडी प्लेअर आणि 'ड्राय वेल काउंटी'ची अस्सल, झगझगीत सीडी!

मंडळ सोमवारी जमलं. मल्लेशनं उदबत्ती लावली. आवाज सुरू झाला तो काय आवाज! घोंगडी काढून खेचरं खोलीत येऊन उभी राहिली. तिसरं गाणं आलं आणि गेलं.

"आगगाडी कुठं गेली?" गौस म्हणाला.

पाचवं गेलं. कॅन्ससची गाय हंबरली नाही. आकाराम सर अस्वस्थ झाले. "स्वच्छ करताना काढली असंल," ते म्हणाले.

शेवटचं गाणं लागलं. शेवटचं कडवं.  साखळी खळखळली नाही. गिटार विझली. तिघं वाट बघत राहिले. सीडी प्लेअरनं बारीक घरघर केली आणि तो गप्प झाला.

"संपलं," शिवकुमार म्हणाला.

"अरे, बाई?"

"कुठली बाई?"

मल्लेशनं कॅसेट लावली. शिवकुमार आधी हसत होता. तिसऱ्या गाण्यातली शिट्टी ऐकली आणि म्हणाला, "हा कुकर हाय रे! शेजारच्या शालूबाईचा." पाचव्यात म्हणाला, "आणि ही त्यांची म्हस. अरे, टेप समोरासमोर ठेवलं हुतंस तू. खोलीतलं आणि भोवतालचं सगळं त्यात आलं!"

आकाराम सरांचा चेहरा पडला. दोन वर्षं ते शालूबाईच्या म्हशीला कॅन्ससची म्हणत होते! मल्लेशलाही हसू फुटलं. चौघं हसत होते आणि शेवटचं गाणं लागलं. साखळी खळखळली. एकदा, दोनदा, तीनदा.

हसणं थांबलं.

खरखर. मग ते रडणं. शिवकुमारनं मान वाकडी करून कान टेपला लावला, मग हळूच वर बघितलं. "मल्लेश, हे गाण्यातलं न्हाई," तो म्हणाला. "हे ह्या खोलीतलं हाय. त्या दिवशी घरात कोण होतं?"

"कोण न्हवतं," मल्लेश म्हणाला. "बाहेरनं कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती."

बाहेर ऊस सळसळला. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता तो एकदम आडवा झाला. गौस उठून उभा राहिला. "बाहेरनं कुलूप, आत बाई," तो पुटपुटला, "या अल्ला!" आणि तो चप्पल न घालताच निघाला. चप्पल दुसऱ्या दिवशी मुलाकरवी मागवून घेतली.

त्या दिवसापासून मल्लेशचं घर त्याला ओळखू येईना. दिवेलागण झाली की मधल्या खोलीत कुणीतरी दबकत श्वास घेतंय असं वाटायचं. देवळीतल्या पणतीची ज्योत वारा नसताना एका बाजूला कलायची. रिकामा पाळणा आपोआप एक झोका घेऊन थांबायचा. निदान मल्लेशला तसं दिसायचं, आणि बघत बसायची त्याची टाप नव्हती. त्यानं चन्नम्माला विचारलं, त्या दिवशी घरी कोण होतं?

"कोण असणार? आम्ही सगळ्या बांगड्या भरायला शालूबाईकडं न्हवतो व्हय?"

शालूबाईला विचारलं. तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, मग पदर सावरून आवाज खाली आणला. "प्लॉट पडायच्या आधी हितं हीर होती म्हणत्यात. बुजवलीया."

"मग?"

"मग काय न्हाई. हीर होती, येवढंच. पण हीर हाय म्हणल्यावर बाई असणारच की!"

आटलेली विहीर! मल्लेशला अल्बमचं नाव आठवलं. चन्नम्मानं हे ऐकलं मात्र, ती दुसऱ्याच दिवशी बहिणीकडे गडहिंग्लजला निघून गेली. जाताना लेकाला म्हणाली, "रडणं मुरतंय म्हणून सांगत हुतो तुला!"

आता मल्लेशचं त्रांगडं झालं. एकीकडं विहिरीतली बाई आणि दुसरीकडं महिन्या-दोन महिन्यांची लेक. त्या घरात, त्या आढ्याला, त्या पाळण्यात लेकीला निजवायचं? छे! पण विद्याश्रीला खरं सांगावं तर ती जन्मात परत यायची नाही. मायलेकी घरी याव्यात म्हणून तो तळमळत होता आणि त्या येऊ नयेत म्हणून रोज नवी थाप मारत होता.

"घराला रंग काढलाय," त्यानं दुकानातून निपाणीला फोन केला. "वास बाधतोय बाळाला."

पुढच्या आठवड्यात पाण्याची टाकी फुटली. त्याच्या पुढच्या आठवड्यात अमावास्या आली. तीही फुटक्या टाकीसारखी संपेचना!

"अमावास्या महिनाभर असती व्हय तुमच्याकडं?" विद्याश्रीनं विचारलं. एरवी मुंगीएवढा तिचा आवाज त्या दिवशी जरा मोठा होता. मागं शिवांजली रडत होती. मल्लेशला एवढं भरून आलं, की त्यानं काही न बोलताच फोन ठेवला. निपाणीत त्याचा अर्थ वेगळाच निघाला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन. गुरुपाद तालमीतला माणूस, बोलायचाही शड्डू ठोकल्यासारखा. "दाजी! पोरगी झाली म्हणून न्हेत न्हाईसा व्हय? तसं असंल तर तोंडावर सांगा! आमाला आमची पोरगी जड न्हाई!"

"न्हाई रे गुरुपाद, देवाशपथ तसं न्हाई!"

"मग कसं हाय?"

 कसं आहे हे सांगता आलं असतं तर काय हवं होतं! तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

मंडळाची तातडीची बैठक गौसच्या दुकानात, भर दुपारी, दोन्ही फळ्या उघड्या टाकून झाली. आकाराम सर तावातावानं म्हणाले, "भूतबीत सगळं थोतांड हाय! विज्ञानयुगात वावरतोय आपण! कॅसेट पुसून टाका."

"तुम्ही पुसता?" गौसनं कॅसेट त्यांच्यापुढे धरली. सरांनी हात मागे घेतले.

"वाडीला न्हेऊ," मल्लेश म्हणाला. "नरसोबाच्या वाडीला भली भली भुतं सुटत्यात. संगमात सोडून देऊ."

"माझा विश्वास न्हाई," सर म्हणाले. "पण मी येतो."

"मी बी येतो," गौस म्हणाला. "बाई कुठल्या धर्माची हाय हे तरी कुणाला ठाऊक हाय!"

सोमवारी तिघं वाडीला गेले. दर्शन घेतलं. गौस चपला सांभाळत बसला. मग घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून मल्लेशनं कॅसेट पाण्यावर धरली.  ही बाई गेली की लेक घरी येणार होती, तरी बोटं सुटेनात. दोन वर्षं दर सोमवारी तिनं त्याला रडवलं होतं.

"एकदा ऐकून टाकतो," तो म्हणाला.

गौसनं पिशवीतून वॉकमन काढला. तिघांनी आळीपाळीनं कानाला लावून शेवटचं गाणं ऐकलं. पायरीवर तीन बाप्ये मुसमुसताना बघून एका म्हातारीनं विचारलं, "कोण गेलं वं पावणं?"  अखेर कॅसेट खिशात घालून आणि कवठाची बर्फी विकत घेऊन मंडळ परतलं.

कळंब्याच्या वळणावर आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. वीज गेलेली. तळ्याकडून धुकं निघून रस्त्यावर सरकत होतं, आणि ऊस डोक्याएवढा वाढून दोन्ही बाजूंनी वाकून बघत होता. लांब तुरुंगातला टोला पडला. मल्लेशनं एम-एटी बंद केली, सरांना आणि गौसला मागून उतरवलं आणि दाराकडे निघाला. सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

आणि आत कुणीतरी रडत होतं.

 हे रडणं बारीक, चिरकं, मांजराच्या पिलासारखं. त्यात मध्येच काचेची किणकिण. मग दबक्या आवाजात बाईचं पुटपुटणं.

"बर्फ!" आकाराम सर कसेबसे म्हणाले.

"सर, दोघी हायत!" गौसचे दात वाजत होते. "एक न्हाई, दोघी! तिला पोर झालंय!"

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून काहीतरी पांढरं हललं. धुक्यातून एक धिप्पाड, पांढरी आकृती डाव्या हातात काहीतरी जड घेऊन सरळ त्यांच्यावर चालून आली. विज्ञानयुगातले आकाराम सर सगळ्यांत आधी खाली बसले. गौस उसात शिरला. मल्लेशनं डोळे मिटून दोन्ही हात जोडले. "मला न्हे!" तो ओरडला. "पण माझ्या लेकीला सोड!"

"दाजी?" आकृती म्हणाली आणि तिनं पाण्याची बादली खाली ठेवली. "काय झालंय तुमाला?"

पांढऱ्या सदऱ्यातला गुरुपाद होता!

"तू? आणि आत? कुलूप..."

"कुलूप काय कुलूप! बहिणीला सासरी घालवाय आलो तर दाराला ह्ये कुलूप! गेल्या खेपंला तरी काय येगळं! पहिल्या पंचमीला न्यायला आलतो, तवा बी कुलूप! आत गाणं वाजत हुतं, म्हणून तीनदा दाराची कडी-साखळी वाजवली, कोण हाय का बघाय, आणि तसाच माघारी गेलतो!"

उसातून गौसचं डोकं बाहेर आलं. बसलेले सर बसल्या बसल्या वळले.

"कडी वाजवली?" मल्लेशनं विचारलं. "किती येळा?"

"तीनदा म्हणालो की! भैरं झालायसा व्हय?"

मल्लेशनं तीन बोटं मोजली. तेवढ्यात घराला वळसा घालून, हातात कंदील आणि खांद्यावर लेक घेऊन विद्याश्री आली. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. हातभर किणकिण झाली. आकाराम सरांनी कपाळाला हात लावला.

"तू आत कशी गेलीस?" मल्लेश म्हणाला.

"परसदारानं. त्याची कडी बाहेरनं काटकीनं वर उचलली की निघतीया. लग्न होऊन आल्यापासनं सांगतोय, दुरुस्त करा."

मग मल्लेशनं तिला सगळं सांगितलं. सीडी, विहीर, पाळणा, न संपणारी अमावास्या. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळत गेलं. विद्याश्रीनं लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बांगड्या भरून झाल्या तशी मी पिशवी भरायला घरी आलो," ती म्हणाली. "गुरू येणार होता ना. तुमच्या टेपचा लाल दिवा लागल्याला. आणि त्यानं कडी वाजवली. मी दाराच्या आतच हुतो, एवढ्यावर." तिनं वीतभर हात दाखवला. "हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण तुम्ही सकाळी दम दिल्याला. नवीन नवरी मी. तोंडावर हात धरून उभी राहिलो. म्हटलं, मागल्या दारानं येईल. आला न्हाई."

"आणि मग रडलीस?"

"गाणं चालू हुतं तवर न्हाई. गाणं संपल्यावर रडलो. मला वाटलं, गाणं संपलं म्हणजे टेप बी संपला."

गुरुपादनं बहिणीकडे बघितलं आणि तोंड फिरवून उगाच बादली उचलली. ती पुन्हा खाली ठेवली.

"अगं, पण दोन वर्सं!" मल्लेश म्हणाला. "दर सोमवारी तू चहा घेऊन हितं उभी. सांगायचं न्हाईस?"

"सांगणार हुतो. पहिल्याच सोमवारी." विद्याश्रीनं लेकीला थोपटलं. "चहा घेऊन आलो तर तुम्ही तिघं डोळं पुसत बसल्याला. तुम्ही बी. माझ्या रडण्याला ह्या घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि तितं तिघं जण ऐकून रडत हुतं. म्हटलं, सांगितलं तर ऐकायचं बंद कराल."

मल्लेशनं मान खाली घातली. कैद्याची साखळी, व्हिस्कीतला बर्फ आणि अमेरिकेत जन्म घ्यायला हवा म्हणणारा तो स्वतः, सगळे त्याच्याभोवती येऊन उभे राहिले. गौस उसातून बाहेर येऊन पानं झटकत हळूच म्हणाला, "पण वहिनी, राग मानू नका, तुमच्यापुढं ती खेचरं काहीच न्हाईत."

सरांनी त्याला कोपरखळी मारली. पण मानही हलवली.

कुलूप निघालं, सगळे आत आले. वीज अजून आली नव्हती. विद्याश्रीनं लेकीला पाळण्यात घातलं, दोरी मल्लेशच्या हातात दिली आणि भावासाठी भाकरी टाकायला आत गेली. शिवांजलीनं अंधारात डोळे मोठे करून बापाकडे बघितलं आणि जे भोकाड पसरलं, ते शालूबाईच्या घरापर्यंत गेलं असेल. मल्लेशनं दोरी ओढली, जोरात ओढली, हळू ओढली. काही उपयोग होईना. शेवटी घसा साफ करून तो आपलं ते शेवटचं गाणं गुणगुणायला लागला. लेक दुप्पट रडायला लागली.

"ते नगो!" आतून विद्याश्री ओरडली. चांगली मोठ्यानं ओरडली. "दुसरं म्हणा की एखादं!"

मल्लेशनं गौसकडे बघितलं, गौसनं सरांकडे बघितलं, सरांनी आढ्याकडे बघितलं. पंचाईत अशी होती, की दुसरं गाणं तिघांपैकी कुणालाच येत नव्हतं.